कसब मागणारा सण

श्रावणातल्या एखाद्या रात्री पाऊस उघडला आणि ढग पांगले, की नऊच्या सुमाराला मान वर करून पाहावं. माथ्याच्या जरा उत्तरेला निळसर पांढरा, लखलखीत तारा दिसतो, तो अभिजित. त्याच्या आग्नेयेला, बऱ्याच अंतरावर, दुसरा ठळक तारा आहे, तो श्रवण. श्रवणाच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा असल्यामुळे तो चटकन ओळखू येतो. गावाच्या दिव्यांपासून लांब असाल, तर या दोघांच्या मधून आकाशगंगेचा फिकट पट्टा गेलेला दिसेल. श्रावण महिन्याला नाव मिळालं ते याच श्रवणावरून, कारण या महिन्याची पौर्णिमा त्याच्या आसपास होते.

जपानमध्ये श्रवण हा गुराखी आहे, अभिजित ही विणकर राजकन्या आहे आणि मधली आकाशगंगा ही त्यांची ताटातूट करणारी नदी. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, ही नदी ओलांडता येते. त्या रात्रीचा सण म्हणजे तानाबाता.

आज हा सण बहुतेकांना माहीत आहे तो रंगीत कागदांमुळे. जुलै उजाडला की जपानमधल्या बालवाड्या, दुकानं, रेल्वे स्थानकं, रुग्णालयं अशा ठिकाणी हिरव्यागार बांबूच्या फांद्या उभ्या राहतात. शेजारी कागदाच्या अरुंद पट्ट्या आणि पेन ठेवलेलं असतं. येणारा-जाणारा पट्टीवर आपली इच्छा लिहितो आणि ती फांदीला बांधतो. या पट्ट्यांना तांझाकु म्हणतात. परीक्षा पास व्हावी, आजी बरी व्हावी, असं काहीही त्यावर लिहिलेलं असतं. एवढंच पाहिलं तर हा नवसांचा सण वाटेल. पण तेराशे वर्षांचा त्याचा माग काढत गेलं, की प्रत्येक टप्प्यावर माणसं ताऱ्यांकडे एकच गोष्ट मागताना दिसतात. ती म्हणजे हाताचं कसब.

नदीच्या दोन तीरांवर

कथा अशी. स्वर्गाच्या राजाची, तेन्तेईची, मुलगी ओरिहिमे आकाशनदीच्या काठी माग मांडून बसे. तिच्या हातचं वस्त्र बापाला फार आवडे, म्हणून ती दिवसरात्र विणत राही. या कामात आपलं वय निघून चाललं, कुणाची सोबत नाही, याचं तिला दुःख होतं. बापानं ते ओळखलं आणि नदीपलीकडच्या हिकोबोशी नावाच्या कष्टाळू गुराख्याशी तिचं लग्न लावून दिलं. दोघं एकमेकांत असे रमले, की मागाचा खटखटाट थांबला आणि गुरं रानोमाळ भटकू लागली. स्वर्गात नवं वस्त्र येईना. संतापलेल्या बापानं दोघांना नदीच्या दोन तीरांवर टाकलं. मग ओरिहिमेचं रडणं काही थांबेना. शेवटी बापाचं मन द्रवलं आणि त्यानं परवानगी दिली. दोघांनी आपापलं काम नेटानं केलं, तर वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री, त्यांनी भेटावं.

ती रात्र आली, पण नदीवर पूल नव्हता. तेव्हा कावळ्याच्या कुळातले काळे-पांढरे मॅगपाय पक्षी थव्यानं आले आणि पंखाला पंख लावून त्यांनी पूल केला. त्या रात्री पाऊस झाला तर नदीला पूर येतो आणि भेट हुकते. म्हणून त्या दिवशीच्या पावसाला ओरिहिमेचे अश्रू मानतात.

ही कथा मुळात चीनची. तिथल्या कवितांत हे दोन तारे दोन हजार वर्षांहून अधिक काळ आहेत. पण चीनमध्ये पुढे लोकप्रिय झालेल्या कथेत खलनायिका आहे. स्वर्गाची राणी केसांतली पिन काढून आकाशात रेघ ओढते आणि त्या रेघेची नदी होते. गुराखी दोन मुलांना कावडीत बसवून बायकोच्या मागे धावतो. श्रवणाच्या बाजूचे दोन मंद तारे म्हणजे ही मुलं. जपानमध्ये रूढ झालेल्या कथेत असं कुणी दुष्ट नाही. चूक त्या दोघांची आहे आणि शिक्षा देणारा बापच शेवटी वाटही काढून देतो. प्रेम करू नका, असं ही कथा कुठेही सांगत नाही. वर्षभर माग चालला, गुरं राखली गेली, तर एक रात्र हक्काची, एवढाच तिचा करार आहे.

जपाननं आणखी एक बदल केला. चिनी कवितांत नदी ओलांडते ती विणकर स्त्री. आठव्या शतकात सिद्ध झालेल्या 'मान्योशू' या जपानी भाषेतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध काव्यसंग्रहात मात्र बहुतेक वेळा तो नाव वल्हवत तिच्याकडे येतो. त्या काळच्या जपानी समाजात नवरा रात्री बायकोच्या घरी जाई आणि पहाटे परते. कवींनी आकाशातल्या जोडप्यालाही तीच रीत लावली. या संग्रहातल्या साडेचार हजारांच्या आसपास कवितांपैकी सुमारे १३० कविता या एका रात्रीवर आहेत. त्यातल्या ९८ तर एकट्या दहाव्या खंडात आहेत. यामानोउए नो ओकुरा या कवीनं एकट्यानं बारा लिहिल्या. वाट पाहणारी ती, वल्ह्यांचा आवाज, पाण्यावरचं धुकं, असा सगळा जिवंत संसार त्यांत आहे. देवादिकांची गोष्ट त्यांनी घरातली करून घेतली.

सात सुया आणि अळूवरचं दव

नारा इथल्या तोदाइजी मंदिराच्या आवारात शोसोइन नावाचं लाकडी कोठार आहे. आठव्या शतकातल्या सम्राट शोमूच्या वस्तू तिथे जतन झाल्या. त्यांत चांदीच्या, तांब्याच्या आणि लोखंडाच्या मिळून सात सुया आहेत. त्यातल्या मोठ्या सुया फूटभराहून लांब आहेत, म्हणजे त्यांनी कुणी कपडे शिवलेले नाहीत. सप्तमीच्या रात्री विणकर ताऱ्यापुढे मांडण्यासाठी त्या घडवल्या असं मानतात. याच शोमू सम्राटानं ७३४ मध्ये सातव्या महिन्याच्या सप्तमीला दरबारात सुमो कुस्त्या पाहिल्या आणि संध्याकाळी कवींकडून या रात्रीवर कविता करून घेतल्या, अशी नोंद राजइतिहासात आहे.

चीनकडून आलेल्या या दरबारी विधीला किक्कोदेन म्हणत. स्त्रिया अंगणात चौरंग मांडून फळं, धूप, सुया आणि पाच रंगांचे धागे ठेवत आणि शिवणं-विणणं हाताला यावं अशी प्रार्थना करत. हळूहळू या मागण्यात वाद्यवादन, काव्य आणि सुंदर अक्षर यांचीही भर पडली. ओरिहिमेचा माग अजून चालूच होता, पण आता तिच्याकडे सगळ्याच कलांचं कौशल्य मागितलं जाऊ लागलं.

कविता लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी होती. कागदाऐवजी काजी नावाच्या झाडाचं पान घेत. हे तुतीच्या जवळचं झाड, त्याच्या सालीपासून जपानी कागद होतो. पान रुंद आणि मऊ लवीचं असतं, त्यावर कुंचल्याची शाई नीट धरते. त्या दिवशीची शाई मात्र साध्या पाण्यात उगाळायची नाही. पहाटे अळूच्या पानांवर जमलेले दवाचे टपोरे थेंब वाटीत ओतून घ्यायचे आणि त्यात शाईची कांडी उगाळायची. हे दव म्हणजे आकाशनदीचं खाली उतरलेलं पाणी. त्यानं लिहिलं की अक्षर सुधारतं, अशी श्रद्धा होती. अळूच्या पानावर पाणी कसं न भिजवता गोळा होऊन राहतं, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते पान नुसतं कलतं केलं की थेंब अलगद वाटीत उतरतो.

हा विधी पूर्ण लोपलेला नाही. क्योतोमध्ये जुन्या राजवाड्याच्या उत्तरेला रेइझेई घराण्याचा वाडा आहे. थोर कवी फुजिवारा नो तेइका याच्या वंशातलं हे घराणं आठशे वर्षं कवितेची परंपरा सांभाळतं आहे. तिथे जुन्या पंचांगाच्या सप्तमीला अंगणात ताऱ्यांसाठी नैवेद्य मांडतात. कोतो आणि बिवा ही तंतुवाद्यं, पाच रंगांचे धागे आणि वस्त्रं तिथे ठेवतात. पाण्यानं भरलेल्या पसरट भांड्यात काजीचं पान सोडतात आणि त्या पाण्यात ताऱ्यांचं प्रतिबिंब पाहायचं असतं. अंधार पडला की समईसारख्या मंद उजेडात कविता गाऊन म्हणतात. शेवटी दालनात एक लांब पांढरं कापड अंथरतात, ते म्हणजे आकाशनदी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. पंख्यावर ठेवून कवितांची देवाणघेवाण नदीपार चालते. ज्यांच्या हातात लेखणी आणि ओठांवर सूर आहे, तेच इथे नदी ओलांडतात.

छपरांवरचे बांबू

दरबाराच्या अंगणातून हा सण गल्लीत आला तो एदो काळात. त्या काळच्या तोकुगावा शासनानं वर्षातले जे पाच सण अधिकृत ठरवले, त्यांत तानाबाता होता. गावोगावच्या तेराकोया नावाच्या शाळांत सामान्यांची मुलं लिहा-वाचायला शिकू लागली होती. अक्षर चांगलं यावं म्हणून तीही तांझाकुवर लिहून बांबूला बांधू लागली. काजीच्या पानाची जागा कागदानं घेतली, पण अळूवरच्या दवात शाई उगाळण्याची रीत मुलांमध्येही चालू राहिली.

चित्रकार हिरोशिगेनं १८५७ मध्ये एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहराच्या दृश्यमालिकेत या दिवसाचं एक चित्र केलं. समोर छपरांची रांग, दूर फुजी पर्वत आणि मधल्या साऱ्या आकाशात उंच बांबू डुलताहेत. त्यांना काय काय टांगलंय ते जवळून पाहावं. कागदी कलिंगडाची फोड आहे, मासेमारीचं जाळं आहे, भोपळा आहे, मणी मोजायची हिशेबाची चौकट आहे आणि दुकानाची खतावणीही आहे. व्यापाऱ्याला हिशेब पक्का यावा, कोळ्याला जाळं नीट फेकता यावं, ज्याचं जे काम त्याची ती खूण. एका चित्रात अख्ख्या शहराचा रोजगार आकाशात टांगलेला दिसतो.

पंचांग बदललं

तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारनं १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका लागू केली. त्याच वर्षी ते पाच अधिकृत सणही रद्द झाले. लोकांनी तानाबाता सोडला नाही, पण त्याची तारीख विस्कटली. कुणी सरळ ७ जुलै धरला, कुणी ऋतू सांभाळण्यासाठी महिनाभर पुढचा ७ ऑगस्ट.

यात मोठं नुकसान आकाशाचं झालं. ७ जुलैला जपानच्या बऱ्याच भागात पावसाळी ढग असतात. जुन्या पंचांगात हा दिवस पावसाळा सरल्यावर येई. शिवाय तिथी सप्तमीची, म्हणजे पश्चिमेला अर्धा चंद्र. प्राचीन कवींनी त्यालाच नाव मानलं होतं. मध्यरात्रीआधी ही नाव मावळते, आकाश काळंभोर होतं आणि आकाशगंगा उठून दिसते. ७ जुलैला चंद्र कुठल्याही कलेचा असू शकतो. तो पौर्णिमेचा असला, तर निरभ्र रात्रीही नदी दिसत नाही.

जपानच्या राष्ट्रीय वेधशाळेनं २००१ पासून दर वर्षी 'पारंपरिक तानाबाता'ची तारीख जाहीर करायला सुरुवात केली आणि त्या रात्री दिवे कमी करून आकाश पाहावं असं आवाहन केलं. ही तारीख अमावास्येवरून काढतात. त्यामुळे ती आपल्या पंचांगाशी जुळते आणि बहुधा श्रावण शुद्ध षष्ठी-सप्तमीला, नागपंचमीच्या पाठोपाठ येते. २०२४ मध्ये ती १० ऑगस्टला होती, म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. २०२५ मध्ये अधिक महिन्याच्या फरकामुळे ती २९ ऑगस्टला, गणपतीच्या दिवसांत आली. २०२६ मध्ये ती १९ ऑगस्टला, श्रावण शुद्ध सप्तमीला आहे. श्रवण नक्षत्राच्या नावाच्या महिन्यात श्रवणाच्याच भेटीची रात्र, असा हा मेळ आहे.

सेंदाईचे कागद

ईशान्य जपानमधलं सेंदाई शहर ७ ऑगस्टच्या मध्यावर, ६ ते ८ ऑगस्ट असा तीन दिवस तानाबाता करतं. योगायोग असा, की या शहराच्या अक्षांशामुळे अभिजित तिथे जवळजवळ बरोबर माथ्यावर येतो. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या दाते मासामुने या सरदारानं वसवलेल्या या शहरात हा सण पूर्वापार मोठा होता. पंचांग बदलल्यावर तो रोडावला. १९२७ मध्ये मंदीच्या दिवसांत व्यापाऱ्यांनी पुढाकार घेऊन तो पुन्हा उभा केला आणि पुढच्याच वर्षी सजावटीची स्पर्धा भरवली.

इथल्या सजावटीत सात वस्तू असतात. अक्षर आणि विद्येसाठी तांझाकु, शिवणकला यावी आणि दुखणी टळावीत म्हणून कागदी किमोनो, घरातल्यांना दीर्घायुष्य मिळावं म्हणून घडीचे कागदी क्रौंच, काटकसर आणि व्यापारासाठी बटवा, भरपूर मासळीसाठी जाळं, ओरिहिमेच्या धाग्यांसाठी लांब झिरमिळ्या म्हणजे फुकिनागाशी. सातवी वस्तू आहे कागदाची कचराटोपली. बाकीच्या वस्तू करताना उरलेले कागदाचे तुकडे तिच्यात भरतात आणि तीही मानानं टांगतात. स्वच्छता आणि काटकसर हेही कसबच, असं ती टोपली सांगते.

दुकानदार महिनोन्‌महिने आधीपासून हातकागद रंगवतात, चुण्या घालतात, चिकटवतात. काय बनतंय ते बाहेर फुटू देत नाहीत. दहा मीटरहून उंच बांबू तोडून आणतात आणि ६ तारखेच्या सकाळी बाजारपेठेच्या छताखाली सगळ्या सजावटी एकदम चढतात. वर कागदी फुलांचा मोठा गोळा, खाली झिरमिळ्यांचा घोळ. हा कुसुदामा नावाचा गोळा युद्धानंतर तिथल्याच एका दुकानमालकानं योजला. झिरमिळ्या मुद्दाम इतक्या खाली सोडतात, की माणसांना त्या हातानं बाजूला सारत चालावं लागतं. कागद गालाला, खांद्याला लागतो, वाऱ्यानं त्याची सळसळ होते आणि पुढचा माणूस रंगांत दिसेनासा होतो. पहिल्याच दिवशी परीक्षक फिरून सुवर्ण, रौप्य आणि कांस्य मानकरी ठरवतात.

१० जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा हा मध्यभाग जळून गेला. वर्षभरानं, १९४६ च्या ऑगस्टमध्ये, त्या जळक्या बाजारात ५२ बांबू उभे राहिले. खायला धान्य नाही आणि कागद मिळत नाही, असा तो काळ होता. पुढच्या वर्षी सम्राटाच्या भेटीच्या वेळी रस्त्यांवर ५००० बांबू होते. बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या हिरात्सुका शहरानंही १९५१ मध्ये असाच तानाबाता सुरू केला. उद्ध्वस्त शहरांनी हाच सण का निवडला असेल? व्यापाराला उठाव यावा, हे कारण होतंच. पण या सणाला लागतं काय, तर बांबू, कागद आणि हात. देऊळ पडलेलं असलं, रथ जळालेला असला, तरी तो करता येतो.

११ मार्च २०११ च्या भूकंपात आणि त्सुनामीत सेंदाईचा किनारा वाहून गेला. त्या ऑगस्टलाही सण झाला, मृतांना शांती आणि गावाला उभारी मागण्यासाठी. शहरातल्या शाळांच्या मुलांनी हजारो क्रौंच घडवले आणि त्यांच्या माळांच्या झिरमिळ्या केल्या. एका मुलानं घडवलेला एक क्रौंच, असा त्या सजावटीचा हिशेब होता.

गावोगावचे तानाबाता

प्रत्येक प्रदेशानं या सणाला आपलं वळण दिलं. लोकरी कापडाच्या इचिनोमिया शहरात तो विणकामाच्या देवतेच्या मंदिराशी जोडलेला आहे. आओमोरीची नेबुता मिरवणूक, जिच्यात योद्ध्यांचे प्रचंड कागदी दिवे निघतात, तिचं मूळ याच दिवसांतल्या झोप आणि आळस पाण्यात सोडण्याच्या प्रथेत सांगतात. होक्काइदोत मुलं घरोघर गाणी म्हणत मेणबत्त्या मागत फिरतात. ओसाकाजवळच्या कातानो भागात तर आमानोगावा, म्हणजे आकाशगंगेच्याच नावाची, खरी नदी वाहते.

मला सर्वांत आवडते ती डोंगरातल्या मात्सुमोतोची रीत. तिथे घराच्या पडवीला ओरिहिमे आणि हिकोबोशीच्या बाहुल्या टांगतात आणि त्यांना घरातल्या लेकरांचे किमोनो घालतात. जोडीला कधी तिसरी बाहुली असते. तिनं वस्त्र कमरेपर्यंत खोचलेलं, पाय लांब आणि दणकट. नदीला पूर आलाच, तर राजकन्येला पाठीवर घेऊन पलीकडे पोचवणारा हा हमाल. दरबारी कवितेत त्याला जागा नव्हती. ज्यांच्या दाराशी खरी नदी फुगते, त्या लोकांनी त्याला कथेत आणलं.

सात जुलै, १९९८

विज्ञान सांगतं, की अभिजित आपल्यापासून २५ प्रकाशवर्षांवर आहे, श्रवण १७ प्रकाशवर्षांवर, आणि त्या दोघांमधलं अंतर सुमारे १५ प्रकाशवर्षांचं आहे. एकाची हाक दुसऱ्याला पोचायला १५ वर्षं लागतील. जपानी माणसांना हे शाळेपासून ठाऊक असतं आणि त्यानं कथेचं काही बिघडलेलं नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये जपाननं एक प्रायोगिक उपग्रह सोडला. त्याचे दोन भाग अवकाशात सुटे होऊन, माणसाच्या मदतीशिवाय एकमेकांना शोधून परत जोडले जाणार होते. मानवरहित यानांनी असं आपोआप जोडलं जाण्याचा तो प्रयोग होता. अभियंत्यांनी त्या दोन भागांना नावं दिली ओरिहिमे आणि हिकोबोशी. ७ जुलै १९९८ रोजी ते दोघं सुटे झाले आणि पुन्हा जोडले गेले.

ही नावं गमतीखातर दिली असं मला वाटत नाही. सात सुया मांडणाऱ्या स्त्रिया, दवात शाई उगाळणारी पोरं, राखेत बांबू रोवणारे दुकानदार आणि हे अभियंते एकाच रांगेत बसतात. मनासारखं घडावं असं तर प्रत्येकालाच वाटतं. या सणानं त्या वाटण्याला एक शिस्त लावली. जे हवं आहे ते आपल्या अक्षरात, आपल्या हातानं लिहायचं, आणि ते करण्याची ताकद मागायची. तेन्तेईनं दोघांना घातलेली अट सगळ्यांसाठीच आहे. भेटीची रात्र वर्षातून एकच येते. उरलेल्या दिवसांचं काम आपलं असतं आणि त्या कामावरच ती रात्र उभी असते.